दाढेवरचे सिरॅमिक किती वर्षे टिकते? ऑनले करावे की पूर्ण कॅप?

तिळकनगरवासी

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, वय सत्तेचाळीस. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरून घेतली होती. पंधरा दिवसांपूर्वी वरणातला एक खडा नेमका त्या दाढेखाली आला आणि जिभेकडचा एक उंचवटा चांदीच्या कडेपासून उभाच्या उभा निघून आला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन जी दाढ पंचवीस वर्षे शाबूत राहिली ती घरच्या वरणाने गेली, याची घरात अजून चर्चा चालू आहे.

मी दोन दंतवैद्यांना दाखवले. पहिल्यांनी सांगितले की रूट कॅनाल करून झिर्कोनिया नावाच्या कणखर सिरॅमिकची पूर्ण कॅप बसवू, सोबत पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड मिळेल. दुसऱ्यांनी एक्स-रे पाहिला, दाढेला थंड कापूस लावून पाहिला आणि म्हणाले की नस जिवंत आहे, रूट कॅनालची गरज दिसत नाही; चांदी काढून, तुटलेला भाग आणि पातळ झालेल्या कडा झाकणारा लिथियम डायसिलिकेट या काचेच्या जातीच्या सिरॅमिकचा तुकडा, म्हणजे ऑनले, चिकटवू. त्यांच्याकडे कार्ड नाही. ‘किती वर्षे टिकेल?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘ते तुमच्या दाढेवर, तुमच्या चावण्यावर आणि माझ्या हातावर आहे.’ उत्तर प्रामाणिक होते, पण त्याने माझे समाधान झाले नाही. एकीकडे छापील पंधरा वर्षे आहेत आणि दुसरीकडे हे वाक्य आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त दंतवैद्य, रामबाग

तोंडात पाहिल्याशिवाय निर्णय सांगता येत नाही, म्हणून पुढील मजकूर माहिती समजून वाचावा.

आधी आकडे सांगतो, कारण आपण तेच विचारले आहेत. काचेच्या जातीच्या सिरॅमिकचे इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारे तुकडे) आणि ऑनले यांच्यावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर ९२ ते ९५ टक्के आणि दहा वर्षांनंतर सुमारे ९१ टक्के कामे जागेवर टिकलेली आढळली. त्याहून जुना अनुभव हवा असेल तर खुर्चीशेजारीच यंत्रावर सिरॅमिकचा ठोकळा कोरून बसवण्याच्या सेरेक पद्धतीचा घ्यावा. ही पद्धत झुरिच विद्यापीठात विकसित झाली आणि पहिल्या रुग्णावर तिचा वापर १९८५ साली झाला. त्या सुरुवातीच्या काळातील इनले-ऑनलेंचा एका दंतवैद्याने सतरा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे ८९ टक्के टिकल्याचे दिसले. ते ठोकळे आजच्या लिथियम डायसिलिकेटच्या मानाने बरेच कमकुवत होते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र यापेक्षा महत्त्वाचे आहे ते कामे कशामुळे बिघडली हे. त्याच आढाव्यात तुटणे किंवा टवका उडणे यामुळे सुमारे ४ टक्के, नसेच्या तक्रारींमुळे ३ टक्के, कडेखाली पुन्हा कीड लागल्यामुळे १ टक्का आणि निखळल्यामुळे १ टक्का कामे गेली. म्हणजे पहिला शत्रू तडा आहे. सिरॅमिक दाबाला कणखर असते, ताणाला मात्र ते फार कच्चे पडते. दाढ वरून चावते तेव्हा सिरॅमिकचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, पण खालचा, दाताकडचा पृष्ठभाग किंचित वाकून ताणला जातो आणि बहुतेक घातक तडे तिथून, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूने, वर चढतात. आपल्याकडे घरोघरी कोटा फरशी असते. मसाला सगळीकडे भरलेला असेल तर त्या फरशीवरून लोखंडी कपाट ओढले तरी काही होत नाही, आणि खाली पोकळी राहिली असेल तर वाटी पडली तरी ती तडकते. फरशी तीच, खाण तीच. काचेच्या जातीचे सिरॅमिक दाताला रसायनाने घट्ट चिकटवले तर खालचे दाताचे आवरण (एनॅमल) त्याला मसाल्यासारखा आधार देते. नुसते ‘बसवले’ तर देत नाही.

यात ओलाव्याची भर पडते. तोंडात चोवीस तास पाणी आहे, आणि ताणाखाली असलेल्या सूक्ष्म तड्याच्या टोकाशी हे पाणी काचेतील बंध हळूहळू तोडत राहते. कपाला केसासारखी रेघ गेलेली असते, आपण त्यातून महिनोन् महिने चहा पितो आणि एके दिवशी काही कारण नसताना तो हातात दोन तुकडे होतो. तोच प्रकार इथे घडतो. म्हणून ‘काल तर चांगले होते’ असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो.

आपली नस जिवंत असेल तर ती आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. वरील आढाव्यातही जिवंत दातांवरील कामे नस काढलेल्या दातांवरील कामांपेक्षा स्पष्टपणे अधिक टिकली. नस आजारी असेल तर रूट कॅनाल करावेच लागते, त्याला इलाज नाही. पण केवळ कॅप बसवायची आहे म्हणून निरोगी नस काढणे मला पटत नाही.

भट्टीपाशी

मी इंदुरातच एका दंत-लॅबमध्ये सिरॅमिकचे काम करतो. डॉक्टरसाहेबांनी दाताची बाजू मांडली, मी भट्टीची बाजू सांगतो.

लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा यंत्रात लावताना निळसर जांभळा असतो. त्या अवस्थेत तो मऊ असल्यामुळे सहज कोरला जातो. कोरल्यावर भट्टीत सुमारे ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला ठेवला की अर्ध्या तासाच्या आत स्फटिक पूर्ण वाढतात, जांभळा रंग जातो आणि दाताचा रंग येतो. इतकी वर्षे झाली तरी तो रंग पालटताना पाहणे मला आवडते. झिर्कोनियाचे गणित वेगळे आहे. ती खडूसारखी पांढरी चकती असते, तिच्यातून कॅप मुद्दाम पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडी मोठी कोरतात, आणि सुमारे १५०० अंशांवर कित्येक तास भाजल्यावर ती आकसून मापात येते. ताकदीचे म्हणाल तर डायसिलिकेट साधारण ४०० मेगापास्कलच्या घरात आणि जुन्या पद्धतीची अपारदर्शक झिर्कोनिया १००० च्या आसपास भरते. हल्लीची अधिक पारदर्शक, दिसायला सुंदर झिर्कोनिया मात्र या बाबतीत बरीच खाली उतरते. ‘झिर्कोनिया’ हा एकच शब्द ऐकून एकच ताकद गृहीत धरू नये.

पण मेगापास्कल छापील कागदावर असतात, आणि माझ्यासमोर मापावरून केलेला साचा असतो. दाढेवर डायसिलिकेटची पूर्ण कॅप करायची तर चावण्याच्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर जागा हवी. उत्तम चिकटवणार असाल तर एक मिलिमीटरपर्यंत उतरता येते. साचे मात्र असे येतात की वरचा आणि खालचा साचा मिटवला तर मधून जाड कागदही सरकत नाही. आम्ही चिठ्ठीवर ‘जागा कमी आहे’ असे लिहून परत पाठवतो. उत्तर येते, ‘रुग्ण बाहेरगावचा आहे, चालवून घ्या.’ मग खोलगट भागात ०.६ मिलिमीटरची कॅप जाते. ती तुटली की सगळे म्हणतात, मटेरियल खराब होते. तिळकनगरवासी, आपण कोणतेही काम करून घ्या, पण सर्वांत पातळ ठिकाणी जाडी किती भरली एवढे अवश्य विचारा. लॅबमध्ये स्प्रिंगच्या कॅलिपरने ते दहा सेकंदांत मोजता येते.

मल्हारगंज

माझा अनुभव कडू आहे. माझ्या वरच्या दाढेवर २०११ साली झिर्कोनियाची कॅप बसवली, ती चांगली महागाची होती. तिसऱ्या वर्षी लिंबाच्या लोणच्याबरोबर भात खाताना दाताखाली रेती आल्यासारखे वाटले. आरशात पाहिले तर गालाकडचा नखाएवढा टवका उडाला होता आणि आत पांढरा फटक थर दिसत होता. कार्ड घेऊन गेलो. तिथे सांगण्यात आले की वॉरंटी आतल्या झिर्कोनियाची आहे, वरच्या पोर्सिलेनची नाही, आणि आतली झिर्कोनिया तर तुटलेली नाही. कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसे छापलेलेही होते. ते कार्ड मी अजून पासबुकात जपून ठेवले आहे, कशासाठी ते विचारू नका.

भट्टीपाशी

दादा, आपली कॅप दुथरी होती. त्या काळी आत झिर्कोनियाचा सांगाडा करून त्यावर दाताच्या रंगाचे पोर्सिलेन हाताने चढवत असत. आतला थर पोलादासारखा, वरचा काचेसारखा. त्यामुळे टवके उडण्याची तक्रार जगभर होती. आता दाढांसाठी बहुतेक ठिकाणी एकसंध झिर्कोनिया देतात. तिच्यावर चढवलेला थरच नसल्यामुळे आपल्याकडे झाले तसे टवके तिच्यातून उडत नाहीत.

शंकेखोर

डॉक्टरसाहेब, आपल्या विद्वत्तेचा आदर ठेवून एक शंका विचारतो. हे ९१ टक्के आणि ८९ टक्के कुठले? परदेशातील विद्यापीठे किंवा निष्णात दंतवैद्य यांच्याकडचे, जिथे एका रुग्णाला दीड तास देतात आणि रुग्णही दर सहा महिन्यांनी तपासणीला येतो. आपल्याकडे दवाखान्यात बाहेर अठरा माणसे बसलेली असतात आणि रुग्ण दुखल्याशिवाय फिरकत नाही. शिवाय सुपारी आहेच. ते आकडे इंदूरच्या दाढेला कसे लावायचे?

निवृत्त दंतवैद्य, रामबाग

शंका रास्त आहे आणि मी तिचे पूर्ण खंडन करणार नाही. ते आकडे काम नीट झाल्यावर काय शक्य आहे हे सांगतात. आपल्या दाढेचे भविष्य सांगत नाहीत. पण त्यातून एक गोष्ट हाती लागते. पूर्ण कॅपांच्या २०१५ सालच्या आढाव्यात पाच वर्षांनी धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपा सुमारे ९४.७ टक्के, ल्युसाइट आणि लिथियम डायसिलिकेट या काचेच्या जातीच्या वर्गातील कॅपा ९६.६ टक्के आणि झिर्कोनियाच्या, म्हणजे मुख्यतः मल्हारगंजांसारख्या दुथरी, कॅपा ९२.१ टक्के टिकल्या होत्या. कागदावर अडीचपट बळकट असलेला पदार्थ तोंडात मागे पडला. एकसंध झिर्कोनियाला हे जसेच्या तसे लागू नाही, हे मान्य. तरी केवळ ताकदीच्या आकड्यावर आयुष्य ठरत नाही, एवढे यावरून दिसते.

तो दीड तास कुठे जातो, तेही सांगतो, कारण शंकेखोरांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. डायसिलिकेट चिकटवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्ल साधारण वीस सेकंद लावतात, ते धुऊन सायलेन हे जोडद्रव्य लावतात. इकडे दातावर वेगळे आम्ल, वेगळे द्रव्य, आणि मग रेझिनचे सिमेंट. या साखळीत कुठेही लाळेचा किंवा हिरडीच्या रक्ताचा थेंब शिरला की ती कडी कच्ची राहते, आणि ते त्या दिवशी कुणालाही दिसत नाही. म्हणून दातावर रबराचा पडदा ताणून काम करावे. ही युक्ती १८६४ सालची आहे, म्हणजे आपल्या शहरात आगगाडी येण्याआधीची, आणि अजूनही कित्येक दवाखान्यांत ती पाकिटातच राहते. झिर्कोनियावर हे आम्ल चालत नाही; तिला आतून ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करून खरखरीत करावे लागते आणि विशिष्ट फॉस्फेट घटक असलेले सिमेंट वापरावे लागते. तीही तोंडात घालून पाहिल्यावर लाळेने माखते, म्हणून चिकटवण्याआधी पुन्हा स्वच्छ करावी लागते. ही पायरी घाईत हमखास सुटते.

जिथे तुटलेली कड हिरडीच्या इतकी खाली गेली आहे की कोरडे ठेवणेच अशक्य आहे, तिथे मी स्वतः ऑनलेचा हट्ट धरला नसता. तिथे दाढेला चांगली उंची असेल तर झिर्कोनियाची पूर्ण कॅप साध्या सिमेंटनेही निभावून जाते. अर्थात तिच्यासाठी दाढ चहूबाजूंनी घासावी लागते, आणि घासलेले आवरण परत येत नाही. त्यामुळे तिळकनगरवासी यांनी ‘तुटलेली कड हिरडीच्या वर आहे की खाली’ हा प्रश्न ‘किती वर्षे’ याच्या आधी विचारावा.

सोन्याची दाढ

बाळांनो, माझ्या खालच्या दाढेवर १९७९ साली बसवलेली सोन्याची कॅप आहे. आमच्या ह्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी केली होती, सोने घरचेच दिले होते. तेव्हापासून शेंगदाणे, चिक्की, ऊस, सगळे तिच्यावर झाले. नात म्हणते, ‘आजी, ती पिवळी काढून पांढरी बसव.’ काढावी का?

निवृत्त दंतवैद्य, रामबाग

आजी, कडेला कीड नसेल तर कुणालाही हात लावू देऊ नका. सोने लवचीक असते, ते तडकत नाही, आणि त्याची कड दाताला अशी घट्ट बसवता येते की आम्ही आजही तिचा हेवा करतो. त्याचा दोष एवढाच की नातीला ते आवडत नाही.

शंकेखोर

दात खाणाऱ्यांचे काय? माझी पत्नी म्हणते, मी रात्री दात करकर वाजवतो.

निवृत्त दंतवैद्य, रामबाग

मग कोणतेही सिरॅमिक बसवण्याआधी रात्री घालण्याच्या कडक ॲक्रिलिक पट्टीचा विचार करावा. जेवणात दातावर येणारा भार थोडा आणि क्षणाक्षणाचा असतो. झोपेत दात आवळले जातात तेव्हा मधे घास नसतो आणि भानही नसते. अशा माणसाला एकसंध झिर्कोनिया दिली तर तिचा चावण्याचा भाग आरशासारखा घासून गुळगुळीत केलेला हवा. गुळगुळीत झिर्कोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. खुर्चीवर उंची कमी करताना हिऱ्याच्या बरने (घासण्याच्या टोकाने) खरवडून तशीच सोडली, तर ती समोरच्या दातावर कानशीसारखी चालते. डायसिलिकेटच्या बाबतीत त्याच ओरखड्यांतून नवा तडा सुरू होऊ शकतो.

तिळकनगरवासी

मंडळी, सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रश्न वहीत लिहून मी दोन्हीकडे पुन्हा गेलो. पहिल्या ठिकाणी विचारले की नस जिवंत असताना रूट कॅनाल कशासाठी? उत्तर मिळाले की ‘पुढे दुखू नये म्हणून आम्ही सर्वांचेच करून टाकतो.’ कार्ड मागून वाचले. त्यात कॅप तुटल्यास कॅप बदलून मिळेल असे होते. दाढ किडल्यास, तडकल्यास किंवा काढावी लागल्यास काय, याबद्दल एक अक्षरही नव्हते. ती पंधरा वर्षे कॅपची होती, माझ्या दाढेची नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले.

दुसऱ्या डॉक्टरांनी कड हिरडीच्या साधारण एक मिलिमीटर वर असल्याचे आरशात दाखवले. मग ऑनलेच करून घेतला. चांदी काढल्यावर तिच्याखाली एक आडवी काळी रेघ निघाली. डॉक्टर म्हणाले की उरलेल्यांपैकी दोन उंचवट्यांच्या बुडाशी तडा सरकू लागला होता, म्हणून तेही कमी करून ऑनलेखाली झाकावे लागतील. त्या भागाचा मोठा करून काढलेला फोटो त्यांनी मला पडद्यावर दाखवला. एरवी मी या गोष्टींना घाबरतो, पण ती रेघ पाहिल्यावर वरणातल्या खड्यावरचा माझा राग बराच कमी झाला.

बसवण्याच्या दिवशी हिरवा रबरी पडदा लावला होता. पहिली पाच मिनिटे घशाशी येत होते, नंतर सवय झाली आणि चक्क डुलकी लागली. एकंदर सव्वा तास गेला. त्यानंतर निळा कागद चावायला देऊन ठिपके पाहणे, घासणे आणि पुन्हा चावायला देणे हे सात वेळा झाले, आणि शेवटी रबरी चाकांनी बराच वेळ चकाकी दिली. भट्टीपाशी यांच्या सांगण्याप्रमाणे जाडी विचारली. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग लॅबची चिठ्ठी काढून दाखवली. मधल्या खोलगट भागात १.४ मिलिमीटर आणि उंचवट्यांवर १.८.

आता आठ दिवस झाले आहेत. चावताना काही त्रास नाही. गार पाण्याने मात्र क्षणभर झिणझिणते आणि लगेच थांबते. हे चिंतेचे आहे का?

भट्टीपाशी

१.४ हे उत्तम माप आहे. त्या डॉक्टरांचा पत्ता लागला तर त्यांचे साचे आमच्याकडच्या डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवीन.

निवृत्त दंतवैद्य, रामबाग

गार लागून लगेच थांबणारी झिणझिण जुने भरण काढल्यानंतर काही आठवडे राहू शकते, आणि ती बहुधा कमी कमी होत जाते. गरम पदार्थाने कळ येऊन ती मिनिटभर रेंगाळू लागली, रात्री आपोआप दुखू लागले, किंवा एका ठरावीक जागी चावताना टोचले, तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. यांपैकी शेवटचे पुष्कळदा केवळ एखादा ठिपका उंच राहिल्याचे लक्षण असते आणि पाच मिनिटांत सुटते, परंतु तसेच महिनाभर सोसले तर नसही बिघडू शकते. सहा महिन्यांनी कड तपासून घ्या, वर्षाने एक एक्स-रे काढा. आणि त्या दाढेच्या दोन्ही बाजूंना रोज रात्री दोरा फिरवत जा, कारण कीड लागली तर ती सिरॅमिकला नव्हे, त्याच्या कडेला उरलेल्या आपल्या दाताला लागेल.

तिळकनगरवासी

दोरा आणला आहे. सराफ्यात मात्र या शनिवारी उजव्या बाजूनेच खाईन.